आम्ल माती आणि कडधान्यांचीं मुळें

आपल्या ताटांतील डाळिंब्यांच्या उसळीचें सत्त्व मुख्यतः हवेंतून येतें, असें म्हटल्यास आपणांस नवल वाटेल. कोंकणांत भाताच्या कापणीनंतर खाचरांतील उरलेल्या ओलीवर वाल, चवळी, कुळीथ पेरण्याची जुनी चाल आहे. त्यांतील एखादें रोप अलगद उपटून पाहावें. मुळांवर मोहरीएवढ्या गांठी दिसतील. हा रोग नव्हे. कडधान्यें हवेंतील नत्रवायु या गांठींच्या द्वारें घेतात, हें हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८८६ सालीं जाहीर केलें. आणि १८८८ सालीं हॉलंडमधील बायरिंक यानें गांठींतील सूक्ष्म जंतु वेगळे करून दाखविले. रोपानें जंतूंना साखर द्यावी व जंतूंनीं रोपाला नत्र पुरवावा, अशी ही देवघेव आहे.

परंतु ती प्रत्येक जमिनींत जमत नाहीं. कोंकणच्या मुसळधार पावसानें जांभ्या जमिनींतील चुन्याचा अंश वाहून जातो व माती आम्ल होते. आम्लतेच्या शास्त्रीय मापांत सात हा अंक समतोलाचा. तो एकानें उतरला कीं आम्लता दसपट होते. अंक साडेपांचाच्या खालीं गेला म्हणजे मातींत एरवीं बद्ध असलेलें ॲल्युमिनियम विरघळूं लागतें व मुळांचीं कोंवळीं टोकें खुरटतात. चुन्याच्या अभावीं जंतूंना मुळांच्या केसांतून आंत शिरणें कठीण जातें. पुष्कळ जंतु मरतातही. शिवाय मॉलिब्डेनम नांवाचें मूलद्रव्य, ज्यावांचून त्यांना नत्र बांधतां येत नाहीं, तें आम्ल मातींत जखडून पडतें.

मग रोपें पिवळीं पडतात आणि शेतकरी पदरचे पैसे मोजून नत्राचें खत आणतो. दैवदुर्विलास असा कीं, अमोनियम सल्फेटसारखीं खतें मातीची आम्लता आणखीच वाढवितात! हवा जें फुकट देत होती, तें विकत घेऊन जमीन मात्र अधिक बिघडते.

यावर उपाय साधा आहे. प्रथम मातीची परीक्षा करवावी. आम्लता आढळल्यास पेरणीपूर्वीं कांहीं आठवडे चुनखडीची भुकटी बेतानें मिसळावी, आणि बियांना योग्य जंतूंचें संवर्धन चोळावें. पुढें एक गांठ नखानें फोडून पाहावी. आंत गुलाबी रंग दिसला तर जंतु कामावर आहेत असें समजावें. पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाहीं. खताची पिशवी उघडण्यापूर्वीं ही नखाएवढी परीक्षा ज्यानें केली, त्याचे पैसेही वांचतील आणि जमीनही.