तुर्कस्तानची वाइन? हो, वाइनच!

द्राक्षलागवडीत तुर्कस्तान जगातल्या आघाडीच्या देशांत, पण वाइनला जाणारी द्राक्षं अगदी थोडी. बाकीची खाण्यात, बेदाण्यांत आणि पेकमेझ नावाच्या काकवीसारख्या पाकात संपतात. (तिथल्या मनिसा प्रांतातलं सुलतानिये द्राक्ष म्हणजे आपल्या नाशिक-सांगलीची थॉम्पसन सीडलेस!) परंपरा मात्र जुनी: तिथल्या इव्रिझ गावच्या कातळावर इ.स.पू. 8व्या शतकात कोरलेला तारहुन्झा देव द्राक्षांचे घोस घेऊन उभा आहे.

सुरुवात लाल वाइनने करा. एलाझीचं रसाळ ओक्युझग्योझ्यु आणि दियारबाकिरचं तुरट बोआझकेरे या दोन्ही द्राक्षांचं मिश्रण मला सर्वांत आवडतं. तोकातच्या नारिन्जे द्राक्षाची पांढरी वाइनही छान. पण त्या वेलीच्या पानांना सारमासाठी (पानांत सारण गुंडाळून केलेला पदार्थ) इतकी मागणी, की पानं विकूनही शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो. 2013च्या कायद्याने तिथे मद्याच्या जाहिरातींवर बंदी आहे, तेव्हा नावं लिहून ठेवा.