सांगणाराचें इमान

क्षेत्राच्या ठिकाणीं गेलें कीं देवाआधीं कथा भेटते. हें कुंड सीतेच्या स्नानाचें, ही शिळा भीमाच्या गदेनें फुटलेली, असें सांगणारे सांगत जातात आणि आपण मान डोलवीत त्यांच्या मागून चालतों. त्यांत घडलेलें किती व रचलेलें किती, हें विचारण्याची आपल्याकडे चाल नाहीं. विचारणारास अश्रद्ध म्हणण्याची मात्र आहे. कथा आणि इतिहास यांचा असा निवाडा केल्यानें स्थानाचें माहात्म्य कमी होतें काय? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस फार दूर, इंग्लंडांत मिळालें.

गेल्या उन्हाळ्यांत मुलीच्या आग्रहावरून आम्ही तिकडे कांहीं आठवडे राहिलों. तेव्हां विंचेस्टर या जुन्या नगरांत एक दिवस मार्गदर्शक बाईंबरोबर पायीं हिंडण्याचा योग आला. हें नगर म्हणजे एके काळीं वेसेक्सच्या राजांचें मुख्य ठाणें. तिकडे स्थळें दाखविणें हें अभ्यासाचें काम मानतात. त्यासाठीं रीतसर शिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते आणि उत्तीर्ण होणारास निळा बिल्ला मिळतो. बाईंच्या कोटावर तो होता.

प्रथम त्यांनीं आम्हांस किल्ल्याच्या सभागृहांत नेलें. किल्ला पडला, सभागृह तेवढें उरलें आहे. त्याच्या भिंतीवर अठरा फूट व्यासाचें ओकच्या लाकडाचें एक वर्तुळाकार मेज टांगलेलें आहे. त्यावर राजा आर्थरचें चित्र असून कडेनें त्याच्या चोवीस वीरांचीं नांवें लिहिलेलीं आहेत. आर्थर व त्याचे वीर याच मेजाभोंवतीं बसत, असें लोक पिढ्यान् पिढ्या मानीत आले. इंग्लंडांत छापण्याची कला आणणारा कॅक्स्टन यानेंही १४८५ सालीं आर्थर खरोखर होऊन गेल्याच्या पुराव्यांत या मेजाची गणना केली होती.

बाईंनीं ही कथा मोठ्या गोडीनें सांगितली आणि मग तितक्याच शांतपणें पुढें म्हणाल्या, “१९७६ सालीं हें मेज खालीं उतरवून लाकडाची तपासणी झाली. तें तेराव्या शतकांतलें निघालें. बहुधा पहिल्या एडवर्डनें तें करविलें असावें. रंगविलें तें आठव्या हेन्रीनें, सोळाव्या शतकांत. म्हणून आर्थरचा चेहरा हेन्रीसारखा आहे. आर्थर येथें बसला नाहीं. परंतु दोन राजांना आपण आर्थरचे वारस दिसावें असें वाटलें, हा मात्र इतिहास आहे.” मेज आमच्या दृष्टीनें लहान झालें नाहीं, उलट त्यामागें दोन खरीं माणसें उभीं राहिलीं.

तेथून आम्ही उतारानें मोठ्या चर्चकडे आलों. ही इमारत १०९३ सालीं देवकार्यास लागली. पण पायाखालीं दलदल. विसाव्या शतकाच्या आरंभीं भिंती खचूं लागल्या. पाया भक्कम करण्यासाठीं खणावें तर खड्डे पाण्यानें भरत. तेव्हां विल्यम वॉकर नांवाच्या पाणबुड्यास बोलावण्यांत आलें. १९०६ पासून पांच वर्षें तो जड पोशाख चढवून गढूळ पाण्यांत उतरे आणि केवळ हातांनीं चांचपून काँक्रीटच्या गोण्या रचीत जाई. अशा पंचवीस हजारांवर गोण्या त्यानें रचल्या. पुढें त्याचें स्मारक म्हणून एक लहानसा पुतळा बसविण्यांत आला, पण चुकून चेहरा घडविला गेला तो तेथील इंजिनियर फ्रॅन्सिस फॉक्स यांचा! साहेबाचा चेहरा मजुराच्या अंगावर. ही चूक झांकून ठेवणें सोपें होतें. परंतु २००१ सालीं वॉकरचा खरा चेहरा असलेला नवा पुतळा तेथें बसविला गेला.

मग इचेन नदीच्या कांठानें, कुरणांतून, मैलभर दक्षिणेस चाललों. १८१९ च्या शरदृतूंत कवि कीट्स याच बाजूस फिरावयास येत असे. वाटेच्या शेवटीं ‘सेंट क्रॉस’ नांवाचा धर्मादाय आश्रम आहे. बिशप हेन्री ऑफ ब्लॉ यानें बाराव्या शतकांत तेरा निराधार वृद्धांसाठीं तो स्थापिला. शिवाय रोज शंभर गरिबांस जेवण द्यावें अशी व्यवस्था केली. आजही तेथें वृद्ध ‘बंधु’ लांब झगे घालून राहतात. आणि दारावर येऊन जो मागेल त्या वाटसरूस पावाचा तुकडा व पेलाभर बियर मिळते. मागितल्यावांचून मात्र मिळत नाहीं. १८४८ सालीं अमेरिकन तत्त्वज्ञ एमर्सन येथें आला, तेव्हां त्यानेंही ती मागून घेतली होती. आम्हींही मागितली. पाव खाल्ला, पेला मात्र नमस्कार करून परत दिला. द्वारपाल हंसला. आमच्यासारखे त्यानें पुष्कळ पाहिले असावेत.

येथेंही कथा आहे. यादवीमुळें लोक उपाशी मरत असतां लेंकरूं कडेवर घेतलेल्या एका गरीब मुलीनें कुरणांत बिशपास अडविलें, त्यानें त्याचें हृदय द्रवलें. बाई म्हणाल्या, “आश्रमाची स्थापना ११३२ च्या सुमाराची मानतात आणि यादवी तर ११३५ नंतर पेटली. कथा सुंदर आहे. तिला कथाच म्हणूं या.”

पुढें त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकांत गिलफर्डचा अर्ल हा येथील मुख्य होता. त्याचा बाप विंचेस्टरचा बिशप. त्यानेंच त्यास ही जागा दिली. गरिबांसाठीं ठेवलेल्या उत्पन्नाचा मोठा भाग वर्षानुवर्षें अर्लाच्या खिशांत गेला. शेवटीं प्रकरण न्यायालयांत जाऊन १८५३ सालीं निकाल त्याच्याविरुद्ध लागला. अशाच प्रकरणांवरून ट्रॉलपला ‘द वॉर्डन’ ही कादंबरी सुचली.

आम्हीं विचारलें, “इतक्या पवित्र जागीं हें सांगण्याचें कारण काय?”

त्या म्हणाल्या, “आज तुम्हांस पाव मिळाला, तो त्या वेळीं कोणीतरी हिशेब मागितला म्हणून.”

हें ऐकून आम्हीं मान खालीं घातली. त्याचें कारण सांगितलें पाहिजे. नोकरीच्या काळांत आम्ही दरवर्षीं मुलांना नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत नेत असूं आणि पांडवांच्या वनवासाची गोष्ट रंगवून सांगत असूं. तेथील भिंतींवर ब्राह्मी लिपींत लेख आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीची माता बलश्री हिनें लेणें भिक्षूंना दिल्याचा लेख आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवून त्यांच्या व्याजांतून भिक्षूंच्या वस्त्रांची वगैरे सोय केल्याचाही लेख आहे. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा हा धर्मादाय, हिशेबासकट दगडांत कोरलेला! एकदां एका मुलानें विचारलें होतें, “गुरुजी, यांत काय लिहिलें आहे?” आम्हीं म्हटलें, “जुनी लिपि आहे. चल पुढें.” आम्हांस ठाऊक नव्हतें असें नव्हे, गोष्टीचा रंग उतरेल अशी भीति वाटली.

परत आल्यावर नातवास घेऊन आम्ही पुन्हां त्या पायऱ्या चढलों आणि यावेळीं लेखापाशीं थांबलों. सर्व ऐकून तो हिरमुसून म्हणाला, “म्हणजे आजोबा, पांडव येथें आलेच नाहींत?”

“नाहीं,” आम्हीं सांगितलें. “पण ते आले असावेत असें लोकांना इतकीं वर्षें वाटत आलें. तेंही लक्षांत ठेव.”