पेटीतले जुने कागद

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या आपल्या कित्येक घरांत पत्र्याची पेटी असते. तिच्यात जंजिरा संस्थानच्या वेळची मोडी खतं, उर्दू हिबानामे. साक्षीदार केव्हाच अल्लाहला प्यारे झालेले. मग सही कुणाची, हे कोण सांगणार?

कागद तीस वर्षांचा असेल आणि योग्य ताब्यातून आला असेल, तर कोर्ट सही-हस्ताक्षर खरं धरू शकतं. १८७२च्या कायद्यात हे कलम ९० होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ९२. धरेलच असं नाही, आणि मजकूरही खरा ठरतो असं नाही.

म्हणून मूळ कागद एजंटाकडे सोपवून झेरॉक्सवर भिस्त ठेवणं आम्हांला धोक्याचं वाटतं. तोंडी हिबा शरीअतीत चालतो. पण वाद झाला की कब्जा कुणी घेतला, हे कोर्ट विचारतंच. घरपट्टीच्या पावत्याही त्याच पेटीत असू द्याव्यात.