केबल गेली, छत्री आली

दिवाळीच्या सुट्टीत घरची केबल बंद करून 'डीडी फ्री डिश' बसवली. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ पासूनची, तेव्हाचं नाव 'डीडी डायरेक्ट प्लस'. छत्री आणि सेट-टॉप बॉक्सचा खर्च एकदाच. महिन्याचं बिल नाही.

खरी गंमत छत्री फिरवण्यात. जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे पुण्याहून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर. छत्री मात्र बरीच उभी दिसते! कारण ती ऑफसेट प्रकारची. वरून तिरप्या आलेल्या लहरी ती खालच्या एलएनबीकडे वळवते. तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका, टीव्हीवरचा सिग्नलचा पट्टा बघत बोटभर-बोटभर सरकवा. धो-धो पावसात केयू बँडच्या लहरी क्षीण होतात. जुन्या अँटेनासारख्या मुंग्या येत नाहीत. आधी चौकोन, मग थेट काळोख.

आईचा प्रश्न वेगळाच : "आणि माझ्या मालिका?" सह्याद्री आहे, बातम्या आहेत, पण खासगी चॅनेलना इथली जागा लिलावात मिळते, त्यामुळे यादी बदलत राहते. पैसे भरून बघायची चॅनेल तर नाहीतच. शेवटी तह झाला. बिलाचे पैसे आईकडे, आणि रात्री आठ ते नऊ आई शेजारच्या काकूंकडे!