बदली पिचरचे मूल्यमापन : आकडे आणि प्रत्यक्ष अवलोकन

अमेरिकेतील बेसबॉलइतक्या तपशीलवार नोंदी क्वचितच एखाद्या खेळाने जतन केल्या असतील. असे असूनही या खेळात खेळाडूंचा एक वर्ग असा आहे की, ज्याच्या गुणवत्तेविषयी आकडे व प्रेक्षक यांचे वारंवार पटत नाही. तो वर्ग म्हणजे बदली पिचरांचा. हा मतभेद वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. वस्तुतः तो लहान नमुन्यावरून अनुमान काढण्याचा, म्हणजे संख्याशास्त्राच्या अगदी गाभ्यातील प्रश्न आहे.

बेसबॉलचा सामना सामान्यतः नऊ डावांचा असतो व प्रत्येक डावात प्रत्येक संघाचे तीन गडी बाद व्हावे लागतात. सामन्याचा आरंभ करणारा पिचर थकला की त्याच्या जागी दुसरा येतो. गेलेला पिचर त्या सामन्यात परत चेंडू टाकण्यास येऊ शकत नाही. आरंभीचा पिचर हंगामात १८० डाव टाकत असेल, तर बदली पिचरच्या वाट्यास साठ-सत्तर डाव येतात, आणि तेही एकेक डावाच्या तुकड्यांनी.

पिचरचे सर्वांत परिचित माप म्हणजे नऊ डावांमागे त्याने दिलेल्या अर्जित धावांची सरासरी. समजा, एका बदली पिचरने ६० डावांत २० धावा दिल्या; त्याची सरासरी ३.०० होते. त्यानंतर एका वाईट रात्री एकाच डावात त्याने सहा धावा दिल्या की ती ३.८४ वर जाते. हाच प्रसंग १८० डावांत ६० धावा देणाऱ्या आरंभीच्या पिचरवर ओढवला, तर सरासरी ३.०० वरून केवळ ३.२८ होते. शिवाय आधीच्या पिचरने बेसवर ठेवलेले धावपटू बदली पिचरच्या चेंडूवर घरी पोहोचले, तर त्या धावा आधीच्याच नावावर मांडल्या जातात. म्हणजे ज्या कामासाठी त्याला बोलाविले, त्याच कामातील अपयश त्याच्या सरासरीत उतरत नाही.

ही उणीव भरून काढण्याच्या हेतूने ‘सेव्ह’ ही नोंद अस्तित्वात आली. १९५९ साली पिट्सबर्गच्या रॉय फेसने बदली पिचर म्हणून १८ विजय व अवघा एक पराभव अशी नोंद केली. शिकागोचे क्रीडालेखक जेरोम होल्ट्झमन यांचा आक्षेप असा की, यांतील काही विजय फेसने स्वतः आघाडी घालविल्यावर सहकाऱ्यांनी ती परत मिळविल्यामुळे त्याच्या पदरात पडले. आघाडी राखणाऱ्यास श्रेय देणारी त्यांची कल्पना १९६९ साली अधिकृत झाली. परंतु या औषधाने नवाच विकार उत्पन्न केला. तीन धावांची आघाडी असता शेवटच्या डावात दोन धावा देणारा पिचरही सेव्ह मिळवितो, आणि बरोबरीत असलेल्या सामन्याच्या आठव्या डावात तिन्ही बेस भरलेले असता एकही धाव न देणाऱ्यास सेव्ह मिळत नाही. त्यातही संधी थोड्या. ज्याची यशाची खरी संभाव्यता ०.८५ आहे, त्याला ४० संधी मिळाल्या तर अपेक्षित यश ३४ व प्रमाण विचलन सुमारे २.२६ येते, अर्थात ३० व ३८ हे दोन्ही आकडे एकाच पिचरकडून निव्वळ योगायोगाने घडू शकतात.

मग सामने पाहणाऱ्याचे मत अधिक विश्वसनीय मानावे काय? जाणत्या निरीक्षकास चेंडूचे उशिरा वळणे, हात सुटण्याची जागा, थकव्याची पहिली चिन्हे ही दिसतात. सर्वसाधारण प्रेक्षकास मात्र बहुधा निकालच दिसतो. आरंभीच्या पिचरने दुसऱ्या डावात दिलेल्या तीन धावा सामना संपेपर्यंत विस्मरणात जातात. बदली पिचरचे अपयश मात्र अखेरच्या क्षणी सर्वांच्या देखत घडते व वर्षानुवर्षे मनात राहते.

४ नोव्हेंबर २००१ रोजी जागतिक मालिकेच्या सातव्या सामन्यात ॲरिझोनाविरुद्ध न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिव्हेरा नवव्या डावात एका धावेची आघाडी राखू शकला नाही. तक्त्यात पराभव त्याच्या नावावर आहे. अखेरचा फटका पाहणाऱ्यास वेगळे दिसते : डावखुऱ्या लुईस गोन्झालेझच्या अंगावर वळत गेलेला चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागून हळूच उडाला आणि धाव रोखण्यासाठी पुढे सरकलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून पडला. ते नेहमीच्या जागी असते, तर बहुधा तो साधा झेल ठरला असता. अर्थात सारा दोष दैवावर ढकलता येत नाही. त्याच डावात रिव्हेराची स्वतःची एक फेक चुकली होती व टोनी वूमॅकच्या दुहेरी फटक्याने बरोबरी झाली होती.

येथे व्होरोस मॅक्रॅकन यांच्या २००१ मधील प्रतिपादनाचे महत्त्व ध्यानी येते. बॅटला लागून मैदानात राहिलेल्या चेंडूंपैकी किती सुरक्षित पडतील, यावर पिचरचे नियंत्रण समजले जाते त्याहून फारच कमी असते, असे त्यांनी दाखविले. त्याच्या हाती प्रामुख्याने उरतात ते स्ट्राइकआउट, वॉक व होमरन. नमुन्याच्या दृष्टीनेही यात लाभ आहे. ६५ डावांत सुमारे २७० फलंदाज समोर येतात. स्ट्राइकआउटचे प्रमाण २५ टक्के धरल्यास त्याचा प्रमाण दोष २.६ टक्के येतो, तर ४० संधींवरून काढलेल्या सेव्हच्या प्रमाणात तो ५.६ टक्के असतो. २०१५ पासून सर्व प्रमुख मैदानांवर बसविलेली स्टॅटकास्ट यंत्रणा चेंडूचा वेग, फिरकी व वळण मोजते. म्हणजे जाणता निरीक्षक जे पाहत होता, तेच आता आकड्यांत मांडले जाते. खरा भेद डोळा व आकडा यांत नसून, निकाल मोजणे व कृती मोजणे यांत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. टॉम टँगो यांनी तर सामन्यातील क्षणाचा ताणही मोजला : सरासरी क्षणास १ धरून, निकाल जितका पालटू शकेल तितका त्यांचा निर्देशांक वाढत जातो.

हा ताण ओळखण्यात चूक झाली की काय घडते, याचे उदाहरण २०१६ मध्ये सापडते. बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने त्या हंगामात ६७ डावांत केवळ चार अर्जित धावा दिल्या, सरासरी ०.५४ राखली आणि ४७ संधींत ४७ सेव्ह मिळविले. ४ ऑक्टोबर रोजी टोरोंटो येथे बादफेरीचा एकमेव सामना २-२ अशा बरोबरीत अकराव्या डावात गेला. परक्या मैदानावर सेव्ह मिळण्यासाठी आधी आघाडी हवी. व्यवस्थापक बक शोवॉल्टर यांनी ब्रिटनला त्या आघाडीसाठी राखून ठेवले व चेंडू उबाल्दो हिमेनेझकडे सोपविला. एडविन एन्कार्नासियॉनच्या तीन धावांच्या होमरनने सामना ५-२ असा संपला. त्या सामन्याच्या तक्त्यात ब्रिटनचे नाव नाही.