पूर आणि तुंबलेले पाणी : परळ-दादरच्या संदर्भात

शासनाचे पूरनियंत्रण परिणामकारक केव्हा ठरते, याचा विचार करताना ज्या आपत्तीचे नियंत्रण करावयाचे तिचे स्वरूप प्रथम निश्चित करणे अवश्य आहे. मराठीत ‘पूर’ येतो तो नदीला; पाणी ‘तुंबते’ ते वाट अडल्यामुळे. सांगलीत कृष्णेला पूर येतो, हिंदमाता येथे मात्र पाणी तुंबते, असेच लोक म्हणतात. या शब्दभेदामागे कारणांचा भेद आहे. परंतु परळ-दादरला नदी नाही म्हणून तेथे पूरभूमीही नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढल्यास तो सदोष ठरेल.

नदीकाठांसाठी महाराष्ट्रात निळी व लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. पहिली सामान्यतः २५ वर्षांतून एकदा, तर दुसरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर आधारलेली असते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध आणि दोन रेषांमध्ये ते नियंत्रित, असा हा नियम आहे. केंद्र सरकारने पूरभूमीच्या विभागणीविषयी नमुना विधेयक राज्यांकडे पाठविले ते १९७५ साली. मात्र तदनुसार कायदा करणारी राज्ये थोडीच. रेषा नकाशावर असणे पुरेसे नसते. बांधकाम-परवाना देणाऱ्याच्या हातावर तिचे बंधन असावे लागते.

परळ-दादरला अशी रेषा का नाही, हे भूमीच्या इतिहासावरून समजते. परळ, माझगाव, वरळी, माहीम ही एके काळी निरनिराळी बेटे होती व त्यांमधील सखल भागात भरतीचे पाणी शिरत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्ड या बांधाने महालक्ष्मी व वरळी यांमधील समुद्राचे तोंड बंद झाले. समुद्र हटला, परंतु भूमीचा सखलपणा कायम राहिला. पायधुणी, उमरखाडी ही स्थलनामे जुन्या पाण्याची आठवण आजही देतात. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांच्या १८६ मुखांपैकी भरतीच्या पातळीहून उंच अशी केवळ ६ असल्याचे सांगितले जाते. भरती आणि अतिवृष्टी एकाच वेळी आल्यास पाण्याला वाट उरत नाही.

१९८५ च्या अतिवृष्टीनंतर ‘ब्रिमस्टोवॅड’ आराखडा तयार करण्यात आला व त्याचा अहवाल १९९३ साली आला. ताशी २५ मि.मी. पावसाच्या हिशेबाने बांधलेली जुनी व्यवस्था ताशी ५० मि.मी. पर्यंत वाढवावी, भरतीच्या वेळी पाणी उपसण्यासाठी उदंचन केंद्रे उभारावीत, असे त्यात सुचविले होते. कामास खरी गती आली ती २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, त्याच शहरात कुलाब्याला तो १०० मि.मी. पर्यंतही पोहोचला नाही. एकाच ठिकाणच्या मोजणीवरून सर्व शहराचा अंदाज बांधता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

हिंदमाताचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. रे रोड येथील ब्रिटानिया उदंचन केंद्र सुरू झाल्यावरही तेथे पाणी साचत राहिले. कारण भूभाग बशीसारखा असून पाणी उपसाकेंद्रापर्यंत पोहोचण्यासच वेळ लागतो. पुढे दादर व परळ येथील मैदानांखाली पाणी तात्पुरते साठविणाऱ्या टाक्या बांधण्यात आल्या. वाहून नेण्याच्या विचाराला साठविण्याच्या विचाराची जोड मिळाली, हा या कामातील महत्त्वाचा बदल होय.

ही जोड याआधीच मिळू शकली असती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार विकल्या जाणाऱ्या गिरणीजमिनींचा एक तृतीयांश भाग महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी यावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित केली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. लालबाग-परळची पाणी जिरविणारी, साठविणारी जमीन अशा रीतीने हातची गेली. त्याची झळ प्रथम लागते ती चाळींच्या तळमजल्यावरील बिऱ्हाडांना.

यावरून तीन अटी निष्पन्न होतात. पूरभूमी नदीवरून नव्हे, तर पाणी कोठे थांबते यावरून ठरवावी. गटारापासून समुद्रमुखापर्यंतचा मार्ग एक समजून त्याची जबाबदारी एकाकडे असावी. आणि जलनियोजन व जमिनीचे नियमन यांचे निर्णय एकत्र व्हावेत. तिसरी अट पाळली न गेल्यास पहिल्या दोहोंवरील खर्च दर पावसाळ्यात नव्याने करावा लागतो.