काशीच्या दगडावर मोटारसायकल

दुर्गाघाटाकडून चौखंब्याकडे जाणाऱ्या गल्लीत पहाटे उभे राहावे. गल्ली इतकी अरुंद की, हात पसरले तर दोन्ही भिंती बोटांना लागतील. वर आकाशाची एक निळसर चिरी, खाली शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले दगड. एवढ्यात मागून भोंगा वाजतो. यात्रेकरू भिंतीला पाठ टेकून उभे राहतात, एखादी गाय मात्र मुळीच हालत नाही, आणि दोन्ही अंगांना दुधाच्या कॅन लटकावलेली एक मोटारसायकल त्या सगळ्यांमधून वाट काढीत निघून जाते. ज्या गल्ल्या पालखीसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी झाल्या, त्यांत हे यंत्र शिरले आहे. आणि ते आता बाहेर जाईल असे वाटत नाही.

या भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली मराठी घरे आहेत. माझ्या आत्यांचे सासर त्यांपैकीच एक. पुढे माझ्या आतेभावाने शहराच्या दक्षिणेस, नगव्याला, घर केले. 2016 सालच्या ऑगस्ट महिन्यात गंगेने धोक्याची रेषा ओलांडली, आणि त्याच्या अंगणातील मोटारसायकल काही दिवस पाण्याखाली राहिली. पूर ओसरल्यावर त्याने मिस्त्रीकडून इंजिन उघडून घेतले, तेल बदलले, पेट्रोलची टाकी रिकामी करून धुतली. दुसऱ्याच लाथेला गाडी सुरू झाली आणि सर्वांना आनंद झाला. चाकांकडे कोणी पाहिले नाही. अस्सीच्या चौकात समोर एक सायकलरिक्षा आडवी आली, तेव्हा त्याने ब्रेक दाबला आणि गाडी तशीच पुढे गेली. पुढच्या चाकाच्या ड्रममध्ये गंगेचा बारीक गाळ भरून राहिला होता. वेग फार नव्हता. पण हेल्मेट डोक्यावर नसून कोपरात अडकविलेले होते, आणि डोके रस्त्याकडेच्या दगडावर आपटले. तीन दिवस त्याने आपल्या आईला ओळखले नाही.

तो बरा झाला. परंतु त्या तीन दिवसांत रुग्णालयाच्या ओसरीवर बसून मी जो विचार करीत होतो, तोच आज आपल्यापुढे मांडणार आहे. गाडी चालविणारे जे भाग आहेत त्यांची काळजी आपण सगळेच घेतो. गाडी थांबविणारे जे भाग आहेत त्यांची घेत नाही. इंजिन बिघडले तर गाडी थांबते. ब्रेक बिघडला तर ती थांबत नाही. तरीसुद्धा आपण मिस्त्रीला विचारतो ते ‘ॲव्हरेज किती देईल?’ एवढेच.

मोटारसायकल जमिनीला कोठे टेकते, हे कधी नीट पाहिले आहे काय? प्रत्येक चाकाखाली रबराचा साधारण तळहाताएवढा तुकडा, एवढाच तिचा पृथ्वीशी संबंध. दीडशे किलोंची गाडी, तिच्यावरची दोन माणसे, मागे बांधलेली पिशवी, या सर्वांचा भार त्या दोन तळहातांवर असतो. वेग वाढविणे, थांबणे, वळणे ही तिन्ही कामे तेथेच होतात. ही पकड म्हणजे गाठीला बांधलेले ठरावीक पैसे आहेत असे समजावे. ते वळण्यात खर्च केले तर थांबण्यासाठी उरत नाहीत. म्हणून वेग कमी करावयाचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असताना. वळणाच्या मध्यावर घाबरून ब्रेक दाबणारा मनुष्य गाठीला नसलेले पैसे मोजू पाहतो, आणि चाक घसरते.

काशीत तर ही पकड दर शंभर पावलांना बदलते. कोरडा डांबरी रस्ता, त्यावर उडून आलेली वाळू, मग ओला दगड, शेण, देवळाबाहेर सांडलेली झेंडूची फुले, पानाच्या पिचकाऱ्या, मिठाईच्या दुकानाबाहेरचे तुपकट द्रोण. पहिल्या पावसात तर फारच जपावे. कारण महिनोन्‌महिने रस्त्यावर ठिबकलेले तेल आणि धूळ यांचा त्या सरीने लेप होतो. दगड ओला झाला आणि पकड निम्मी झाली, तर थांबावयास लागणारे अंतर दुप्पट होते. हे गणित साधे आहे, पण हाताला ते आपोआप कळत नाही. ते डोळ्यांनी आधी वाचावे लागते. चांगला चालक पुढच्या चाकाकडे पाहत नाही, तो पुढच्या वीस-पंचवीस पावलांचा रस्ता वाचीत असतो.

आता ब्रेकविषयी. आपल्याकडे एक समजूत फार खोल रुजलेली आहे, की पुढचा ब्रेक दाबला तर मनुष्य हँडलावरून पुढे फेकला जातो. म्हणून पायाचाच ब्रेक वापरावा. ही समजूत सायकलीवरून आली असावी. वस्तुस्थिती उलट आहे. गाडी मंदावू लागली की तिचा भार पुढे सरकतो, पुढचे चाक जमिनीवर अधिक दाबले जाते आणि मागचे हलके होते. म्हणजे ज्या क्षणी थांबावयाचे असते, त्याच क्षणी मागच्या चाकाची पकड कमी झालेली असते. कोरड्या रस्त्यावर थांबविण्याचे दोनतृतीयांशाहून अधिक काम पुढचा ब्रेक करतो. जो केवळ पायाने ब्रेक लावतो त्याचे मागचे चाक घसपटत जाते, गाडी आडवी होऊ लागते, आणि अंतर तर फारसे कमी होतच नाही. दोन्ही ब्रेक एकत्र लावावे. पुढचा मात्र झटक्याने न ओढता, ओला कपडा पिळावा तसा क्रमाक्रमाने आवळावा. भार पुढे सरकण्यास जो अर्धा क्षण लागतो तो त्याला द्यावा. निसरड्या दगडावर मात्र हा हात फारच हलका असला पाहिजे.

या बाबतीत कायद्याने थोडी मदत केली आहे. 125 घनसेंटीमीटरहून मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना, नव्या नमुन्यांसाठी एप्रिल 2018 पासून आणि जुन्या नमुन्यांच्या नव्या गाड्यांसाठी एप्रिल 2019 पासून, चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा बंधनकारक झाली. तिलाच ‘एबीएस’ म्हणतात. लहान गाड्यांना निदान एकाच दाबात दोन्ही ब्रेक लागतील अशी जोडणी आवश्यक ठरली. परंतु ही यंत्रणा पकड निर्माण करीत नाही, असलेली वाया जाऊ देत नाही, एवढेच. शिवाय रस्त्यावर जुन्या गाड्याही पुष्कळ धावतात, आणि त्यांचे शहाणपण चालकाच्या बोटांत असावे लागते.

वेगाचेही थोडे गणित सांगतो. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, तेवढ्यात गाडी 11 मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर बऱ्या कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी 12 मीटर लागतात. एकूण 23. वेग 60 केला की हीच बेरीज सुमारे 45 मीटर होते. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. कारण ब्रेक लावल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लंका ते गोदौलिया या रस्त्यावर 45 मीटर मोकळी जागा कोणाला केव्हा दिसली असेल, ती शिवरात्रीच्या रात्रीही नव्हे आणि एरवीही नव्हे.

गल्लीतून बाहेर पडून राजघाटाच्या मालवीय पुलावर आलो की निराळेच जग सुरू होते. 1887 साली खुला झालेला हा पूल दुमजली आहे. खालून आगगाडी जाते, वरून रस्ता. येथे सांभाळावयाची ती मोठ्या गाड्यांची शेजारसोबत. ट्रकचालकाला आपल्या आरशात जो प्रदेश दिसत नाही, नेमक्या त्याच प्रदेशात आपले मोटारसायकलवाले रमतात. त्याच्या आरशात आपल्याला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, हे पक्के समजावे. डावीकडून ट्रकला ओलांडण्याचा मोह तर साफ सोडावा.

डिसेंबर-जानेवारीत गंगेकाठी धुके दाटते. अशा वेळी दिव्याचा झोत वर ठेवला तर तो धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यांत येतो. झोत खालीच असावा. धुके फार झाले तर थांबावे, परंतु रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यापासून पुरते दूर. कडेला थांबलेल्या गाडीचा मागचा दिवा पाहून ‘रस्ता इकडेच आहे’ असे मानणारे ट्रकवाले मागून येत असतात.

वळण्याची एक गंमत येथेच सांगून टाकतो. वेगात असताना डावीकडे वळावयाचे, तर हँडलाची डावी मूठ किंचित पुढे रेटावी लागते; चाक क्षणभर उजवीकडे वळते, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. प्रत्येक सायकलस्वार हे नकळत करतो. विमानाचे शोधक राइट बंधू मूळचे सायकलींचे कारागीर. त्यांतील विल्बर राइटने अनेक सायकलस्वारांना, तुम्ही डावीकडे कसे वळता, असे विचारून पाहिले. तेव्हा खरे उत्तर कोणालाच देता आले नाही. शरीराला जे ठाऊक असते ते मनालाही ठाऊक असले, तर ऐन वेळी हात चुकीच्या दिशेने जात नाही.

आता हेल्मेट. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला ठाऊक असलेला टी. ई. लॉरेन्स मे 1935 मध्ये इंग्लंडात मोटारसायकलीवरून पडला. दोन सायकलस्वार मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात हा अपघात झाला, आणि सहा दिवसांनी त्याचा अंत झाला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूने ते अस्वस्थ झाले. पुढे महायुद्धात लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा त्यांनी अभ्यास केला, 1941 साली तो प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. त्यानंतरच्या कित्येक देशांतील अभ्यासांची एकत्र छाननी झाली आहे. हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो, असा तिचा निष्कर्ष आहे. आपल्या देशात 2022 या एका वर्षी रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत शंभरातील चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरची होती.

हेल्मेटचे बाहेरचे कवच आपल्याला दिसते, पण खरे काम करतो तो आतील पांढरा फेस. आघात होताच तो चेपतो आणि डोके थांबण्यास काही सहस्रांश सेकंद अधिक मिळवून देतो. एकदा चेपला की तो पुन्हा फुगत नाही. म्हणून पडलेले हेल्मेट, वरून कितीही धड दिसले तरी, बाद समजावे. भारतीय मानक संस्थेची खूण पाहून घ्यावे आणि हनुवटीखालचा पट्टा बांधावा. न बांधलेले हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोहोचते. मागे बसणाऱ्यालाही ते हवेच. कायदा दोघांसाठीही एकच आहे. मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बायकांनी पदर आणि ओढणी आवरून बसावे. चाकात गुंतलेल्या वस्त्राने झालेले अपघात मी पाहिले आहेत.

गाडीची निगा राखण्यास कारखाना लागत नाही. आठवड्यातून एक सकाळ पुरे. टायर थंड असताना हवा मोजावी. गाडी पळवून आणल्यावर मोजली तर आकडा फसवा येतो. टायरच्या खाचांत लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला. साखळी मध्यावर बोटाने खालीवर हालवून पाहावी. बहुतेक गाड्यांना दोनतीन सेंटीमीटर ढील लागते, नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असतो. साखळी फार ताठ केली तर बेअरिंग खाते, फार सैल ठेवली तर दात सोडते. ब्रेकच्या पायपट्टीचा आणि मुठीचा चाळा वाढला आहे काय, हे पाहावे. डिस्क ब्रेक असेल तर त्यातील तेल हवेतला ओलावा शोषून घेते आणि तापल्यावर दगा देते. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे, इंजिनाचे तेल बदलताना हे कोणी आठवीत नाही. दिवे, मागचा लाल दिवा, आरसे, यांना फडके लावण्यास दोन मिनिटे लागतात.

आणि पूर. बुडालेल्या गाडीला लगेच लाथ मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखे दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्कप्लग काढून पाणी बाहेर येऊ द्यावे, तेल सोडावे. ते ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. हवेची जाळी, टाकी, तारांच्या जोडण्या, सगळे वाळवावे. त्यानंतर, आणि हेच लोक विसरतात, दोन्ही चाके उतरवून ड्रम उघडावे, ब्रेकचे जोड धुवावे, बेअरिंगचे ग्रीस बदलावे. मग रिकाम्या जागी, माणसाच्या चालीने, थांबून पाहावे.

2021 च्या ऑगस्टमध्ये गंगा पुन्हा धोक्याच्या रेषेवर गेली. नगव्याच्या त्या अंगणात गाडी या खेपेस ओट्यावर चढविलेली होती, तरी एका रात्री पाणी चाकांच्या आसापर्यंत आले. पाणी उतरल्यावर आतेभावाने इंजिनाला हातही न लावता प्रथम पुढचे चाक उतरविले आणि ड्रम परातीवर उलटा केला. राखाडी रंगाचा, पिठासारखा मऊ गाळ दोन मुठी निघाला. तो परात घेऊन बाहेर टाकावयास निघाला, तेव्हा आत्यांनी ती त्याच्या हातून घेतली आणि गंगेची माती म्हणून तुळशीत रिती केली.